फौजदारी बाजूने पाहिलेला आपला वकील संघ

स्मरणिका काढायचे ठरले की इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती सगळ्यात आधी पदाधिकाऱ्यांची नामावली ठेवली जाते. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, ग्रंथपाल. ती नामावली या अंकात तिच्या जागी येईलच, मी तिच्या वाटेला जात नाही. वकील संघाचा इतिहास निवडणुकांच्या अंगाने लिहिला तर तो सगळ्या जिल्ह्यांत एकसारखा निघेल: अमुक साली खुर्च्या आल्या, तमुक साली पंखे लागले, पुढे संगणक. म्हणून मी एकच बाजू धरतो, फौजदारी. माझी हयात त्याच बाजूला गेली हे एक कारण. शिवाय यवतमाळ जिल्ह्याच्या वकिलीत नातवंडांना सांगावे असे जे घडले, ते बहुतेक फौजदारीतच घडले असे माझे मत आहे. दिवाणीवाल्या मित्रांनी राग मानू नये.

आधी आवाराकडे एकदा नीट पाहू. फौजदारी न्यायाच्या कामावर पोट असलेली माणसे किती तऱ्हेची! ठाणेदार, जमादार, कोर्ट पैरवीचा शिपाई. सरकारी वकील. दंडाधिकारी, सत्र न्यायाधीश, त्यांचे शिरस्तेदार आणि बेलिफ. कारागृहाचे रक्षक. शवविच्छेदन करणारे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर. व्हिसेरा तपासणारे अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतले विश्लेषक. परिवीक्षा अधिकारी. आणि आपण. एका खुनाच्या खटल्याला एवढे सगळे हात लागतात. यांतल्या किती जणांना आपली संघटना काढून, भर सभेत हात वर करून, सरकारविरुद्ध ठराव करता येतो?

पोलिसांना येत नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा १९६६ सालचा. सरकारच्या मंजुरीवाचून पोलिसाने संघटनेत जायचे नाही, असे तो सांगतो. महाराष्ट्रात एके काळी पोलीस कर्मचाऱ्यांची मान्यता असलेली संघटना होती. ऑगस्ट १९८२ मध्ये तिची मान्यता गेली, नेते पकडले गेले, आणि गिरणी संपाने आधीच तापलेल्या मुंबईत १८ ऑगस्टला पोलिसांनीच बंड केले. जाळपोळ झाली, लष्कर बोलवावे लागले. तेव्हापासून आपल्याकडच्या हवालदाराची तक्रार बाहेर आलीच तर बहुतेकदा घरच्यांच्या तोंडून येते. न्यायाधीशांची देशपातळीवर संघटना आहे. तिच्याच अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये खालच्या न्यायालयांतील न्यायाधीशांच्या नोकरीच्या अटींबद्दल निकाल दिला आणि पुढे शेट्टी आयोग आला. पण तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याने एखाद्या धोरणावर जाहीर बोलणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही, आणि ते बरोबरही आहे. तज्ज्ञांच्या संस्था आहेत: इंडियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी १९७० ची, न्यायवैद्यक डॉक्टरांची इंडियन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक मेडिसिन १९७२ ची, पीडितांच्या प्रश्नांचा अभ्यास करणारी इंडियन सोसायटी ऑफ व्हिक्टिमॉलॉजी १९९२ ची. त्यांची अधिवेशने होतात, निबंध वाचले जातात, नियतकालिके निघतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. मात्र घाटंजी किंवा उमरखेडच्या कोठडीत आज रात्री माणूस मार खात असेल, तर उद्या सकाळी त्याच गावात उभे राहून तोंड उघडायला मोकळी असलेली, याच व्यवसायातली संघटना एकच उरते. ती आपली.

हा मोकळेपणा आपण कशासाठी वापरला, याचा हिशेब म्हणजे संघाचा इतिहास, असे मी समजतो.

सुरुवात अर्थातच वऱ्हाडापासून. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. आजचा आपला बराच मुलूख पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद इकडे आले आणि यवतमाळ जिल्हा या नावाने नकाशावर चढला. अपिले नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे जात. उच्च न्यायालय व्हायला ९ जानेवारी १९३६ उजाडावे लागले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्या न्यायालयाच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. यवतमाळच्या वकिलाच्या दृष्टीने यात फारसे बदलले नाही; फाशी कायम होते की नाही हे ऐकायला नागपूरलाच जायचे होते.

खालच्या न्यायालयात उभे राहणारे तेव्हा सगळे एका पंक्तीचे नव्हते. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्याने प्लीडर वेगळे, मुखत्यार वेगळे, महसुली एजंट वेगळे केले होते. या जुन्या कायद्यातल्या ३६ व्या कलमाकडे आपल्या तरुण मित्रांचे लक्ष वेधावेसे वाटते. ते होते दलालांबद्दल, म्हणजे एसटी स्टँडवरून, ठाण्याच्या दारातून पक्षकार हेरून वकिलाकडे आणून सोडणाऱ्यांबद्दल. अशा दलालांची यादी न्यायालयाने लावावी आणि त्यांना आवारात येऊ देऊ नये, असे ते कलम. १९२६ मध्ये त्यात भर पडली: वकिलांच्या संघटनेने खास सभा बोलावून बहुमताने अमुक माणूस दलाल आहे असा ठराव केला, तर तो ठराव त्या माणसाच्या लौकिकाचा पुरावा धरला जाईल. म्हणजे कायद्याने वकील संघाच्या ठरावाला वजन दिले ते स्वतःचे अंगण झाडण्याच्या कामासाठी. ते अंगण आजही पुरते झाडून झालेले नाही, हे लिहायला स्मरणिका ही योग्य जागा नसेल, पण दुसरी जागा तरी कुठली?

त्या काळात वऱ्हाडातल्या वकिलीचे थोरपण अमरावतीला होते. दादासाहेब खापर्डे तिथले, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर तिथले. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांच्यासाठी खटपट करायला खापर्डे थेट विलायतेला गेले. त्याच १९०८ मध्ये वणीचा एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण यवतमाळला वकिली करू लागला. माधव श्रीहरी अणे. त्याआधी अमरावतीच्या शाळेत त्यांनी काही वर्षे मास्तरकी केली होती. लोकनायक ही पदवी नंतरची. कोर्टाच्या आवारात शिरले तेव्हा ते नवशिके प्लीडरच होते. बापूजी अण्यांबद्दल या जिल्ह्यात इतके बोलले जाते की त्यांच्या नावाचा पुतळा होऊन गेला आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातला प्रवेश, गांधीजींच्या उपोषणावरून फेब्रुवारी १९४३ मध्ये दिलेला राजीनामा, सिलोन, बिहारचे राज्यपालपद, टिळकांवरचे संस्कृत महाकाव्य आणि त्याला मृत्यूनंतर मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार, हे सगळे आपल्या मुलांना भाषणात पाठ असते. मला त्यांचे एकच कृत्य इथे हवे आहे, आणि ते गुन्ह्याचे आहे.

१९३० च्या उन्हाळ्यात गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. विदर्भाला समुद्र नाही. मीठ उचलायचे कुठून? पण जंगल होते, आणि जंगलाच्या कायद्याचा जाच घराघरात ठाऊक होता. गुरांना गवत, चुलीला काडी, छपराला बल्ली, प्रत्येक गोष्टीला फॉरेस्ट गार्डची मर्जी लागे. १० जुलै १९३० रोजी बापूजींनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापले. १९२७ च्या वन कायद्याचा भंग, शिवाय मनात आले तर चोरीचे कलम. त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह करून डॉ. केशव बळीराम हेडगेवार पकडले गेले. नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि ते अकोल्याच्या तुरुंगात गेले. राजकारणाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. यवतमाळच्या वन गुन्ह्यांच्या रजिस्टरात त्या शेजारी शेजारी बसतात.

वकिलाच्या नजरेने हा प्रसंग फार अवघड आहे. बावीस वर्षे आरोपींच्या वतीने उभा राहिलेला माणूस स्वतः पिंजऱ्यात गेला. सत्याग्रही बचाव देत नाही. गवत कापले हे तो स्वतःच सांगतो. उलटतपास नाही, साक्षीदार फोडणे नाही, शंकेचा फायदा नाही. शिकलेली सगळी हत्यारे म्यान. आणि न्यायाच्या खुर्चीवर कोण? तेव्हा महसूल आणि न्याय वेगळे झालेले नव्हते. ज्या साहेबांनी जंगल बंद ठेवायचे त्यांच्याच मालिकेतला अधिकारी मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षा द्यायचा. आपल्याकडे तहसीलदार हाच मॅजिस्ट्रेट ही सवय इतकी मुरलेली होती की, १ एप्रिल १९७४ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेले, त्यानंतरही खेड्यातली माणसे कितीतरी वर्षे जामिनासाठी तहसिलीच्या ओट्यावर जाऊन बसत.

बापूजींनी कापलेल्या गवताला जयंतीला हार मिळतो. त्याच कायद्याखाली नंतर पकडल्या गेलेल्यांना काय मिळाले? झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या कोलाम पोडांवरून, घाटंजीच्या गोंड वस्त्यांमधून वन गुन्ह्यांचे आरोपी येत राहिले. गार्ड पीओआर, म्हणजे गुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, फाडतो, सागवानाचा तुकडा नाहीतर बैलगाडी जप्त होते, आणि आरोपीला आपण नेमके काय केले हे कोलामीतून मराठीत सांगता येत नाही. वन कायद्यात तडजोड रक्कम भरून सुटण्याची सोय आहे. ती भरली की गुन्हा मान्य. अडचण एवढीच की बैलगाडी वाचवायला जी रक्कम लागते तेवढ्यात कधी कधी बैल येतो. २००६ चा वनहक्क कायदा आला, टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या कडेची गावे दावे दाखल करू लागली, तरी पीओआर थांबले नाहीत. या खटल्यांत फी नाही, नाव नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. काही मंडळींनी ते वर्षानुवर्षे चालवले. त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण दिली तर ती मंडळीच माझ्याशी बोलायची बंद होतील. संघाच्या वतीने मात्र या कामाची कधी पाळी लागली नाही, ज्याचा त्याचा स्वभाव म्हणून ते चालत राहिले. ही उणीव माझ्या हिशेबात पहिली.

पुसदच्या बाररूमनेही राज्याला एक माणूस दिला. वसंतराव नाईक, गहुलीच्या तांड्यावर १ जुलै १९१३ ला जन्मलेले. नागपूरला १९४० मध्ये कायद्याची पदवी, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली उमेदवारी, मग पुसदला वकिली, १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष, आणि डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. त्यांच्याबद्दल बोलताना हरितक्रांती, रोजगार हमी, पंचायत राज यांचा उल्लेख येतो. फौजदारी वकिलाला वेगळेच काहीतरी दिसते. बंजारा समाजावर इंग्रजी अमलात देशाच्या काही भागांत गुन्हेगार जमातीचा शिक्का होता, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत तो समाज आजही आहे. जन्मानेच संशयित ठरवणाऱ्या कायद्याच्या काळात एका तांड्यावरचा मुलगा काळा कोट घालून, आरोपीच्या वतीने, महसुली मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो. मला हे मुख्यमंत्रीपदापेक्षा कमी वाटत नाही.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण कायदा रद्द झाला तरी ठाण्याची स्मरणशक्ती शाबूत राहते. चोरी झाली की पारध्याच्या बेड्यावर गाडी जाते, माहिती काय मिळाली हे विचारायचे नाही. पूर्वी हजेरी होती. नंतर सराईत गुन्हेगारांकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे ११० कलम होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा नंबर १२९ आहे. एका प्रकरणात सुटला तर दुसऱ्यात वर्ग करून घ्यायचा. फौजदारीत नवा आलेला ज्युनिअर पहिल्यांदा शिकतो तो कायदा नसतोच. बेड्यावरच्या माणसाची जात विचारल्यावर पीएसआयच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते वाचायला तो शिकतो.

आता जामिनाकडे येतो, कारण आमच्या धंद्याचे खरे पीठ तिथेच दळले जाते.

सोमवार, दुपारचे साडेतीन. रिमांडची वेळ. दिग्रसकडून आलेल्या जीपमधून पोरगा उतरतो, हाताला दोरी. पोलीस पीसीआर मागतात, साहेब एमसीआर देतात, म्हणजे पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी सुरू. जामिनाचा अर्ज तयारच असतो. अर्ज मंजूर होतो: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. पोराची आई ओसरीवर बसलेली असते, पदराच्या गाठीत सातबाऱ्याची झेरॉक्स. सातबारा तिच्या भावाचा आहे, भाऊ आदिलाबादच्या अलीकडे राहतो की पलीकडे हे तिला सांगता येत नाही, आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे. मुन्शी झेरॉक्स उलटीपालटी करून परत देतो: "मावशी, यावर भागणार नाही. ऐपतीचा दाखला लागते." दाखला तहसिलीतून. तहसीलदार दौऱ्यावर. शिरस्तेदार पाचला उठतात. पोरगा जामीन मंजूर होऊनही कारागृहात जातो, त्या रात्री, आणि बऱ्याचदा पुढचा आठवडाभर.

हे कायद्याला ठाऊक नाही असे नाही. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचे ठरवले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर माणूस सोडला. आमच्या जिल्ह्याची एक सीमा तेलंगणाला लागते, दुसरी नांदेडला, तिसरी चंद्रपूरला. सोयरीक सगळीकडे. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार ही इथली रोजची गोष्ट आहे. असे असताना मोतीराम निकालाची प्रत प्रत्येक बाररूमच्या टेबलावर मळून फाटलेली दिसायला हवी होती. मी जिथे जिथे पाहिली, तिथे ती कोरी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र हा निकाल आला. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत फुकट आणि अपिलासाठी वकील सरकारी खर्चाने, हे त्यात ठरले. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ कलम आणले होते, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. मग तालुक्यापर्यंत समित्या झाल्या, पॅनेल झाले. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारी रक्कम आणि ती हाती यायला लागणारा वेळ यांबद्दल बाररूममध्ये जे बोलले जाते ते छापता येणार नाही.

आणि वर्धा नदीच्या पलीकडचा तो खटला. देसाईगंजच्या ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये ती रद्द केली. मथुरा खटला म्हणून तो सगळ्या देशाला माहीत झाला तो उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रामुळे. १९८३ मध्ये त्यातून कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचे वेगळे कलम आले, आणि अशा खटल्यांत संबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर संमती नव्हती असेच गृहीत धरायचे, असे कलम पुरावा कायद्यात आले. हे पत्र लिहिणारे प्राध्यापक होते. विदर्भातल्या एखाद्या वकील संघाच्या ठरावाने ते काम सुरू झाले असते तर मी आज हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता.

ठरावांचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. वकील संघ सगळ्यात सहज करतो तो ठराव म्हणजे कामकाजापासून अलिप्त राहण्याचा. आपण संप म्हणत नाही, अलिप्त म्हणतो. हरीश उप्पल प्रकरणात १७ डिसेंबर २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकिलांना संपाचा हक्क नाही. निषेध करायचा तर फीत लावा, निवेदन द्या, पत्रक काढा. त्यानंतरही आपण अलिप्त राहिलो, कधी योग्य कारणासाठी, कधी तितक्या योग्य नसलेल्या कारणासाठी. अलिप्त राहिलेल्या दिवशी दिवाणी दाव्याची तारीख पुढे जाते. फौजदारीत कोठडीतल्या माणसाची रात्र पुढे जाते. हा फरक सभेत मांडला की दिवाणीचे मित्र गप्प बसतात, आणि ठराव तरीही मंजूर होतो.

दुसरा ठराव अधिक वाईट: अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये. निर्घृण गुन्हा घडला, गाव पेटले, मोर्चा कोर्टावर आला की हा ठराव करायचा मोह होतो. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कसाबसाठी उभे राहण्यावरून मुंबईच्या वकिलांत काय काय झाले ते सगळ्यांना आठवत असेल. अखेर त्याला वकील मिळाला, अपिलातही मिळाला, आणि म्हणूनच त्या शिक्षेवर कोणी बोट ठेवू शकले नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरवले. गंमत अशी की ज्या प्रकरणात हा निकाल आला, ते कोईमतूरचे होते आणि तिथे वकील संघाने ज्यांचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले होते ते आरोपी पोलीस होते. ज्यांना स्वतःची संघटना काढता येत नाही, त्यांना आपल्या संघटनेने बचावाविना ठेवायचे ठरवले. मी पोलिसांची वकीलपत्रे घेतली आहेत. निलंबित हवालदार बाररूमच्या दारातून आत यायला किती बिचकतो हे मी पाहिले आहे. आयुष्यभर त्याने आपल्याला दारात अडवलेले असते, आणि आता दार आपले असते.

१ जुलै २०२४ पासून जुने आकडे गेले. खून म्हणजे ३०२ हे मुन्शींना, पक्षकारांना, हिंदी सिनेमालाही पाठ होते. आता भारतीय न्याय संहितेत तो १०३. चारशे वीसचा आता ३१८. अर्जात नवे कलम लिहून कंसात जुने लिहायची पद्धत अजून काही वर्षे चालेल. आकड्यांपेक्षा महत्त्वाचे नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ कलम आहे: पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला आरोपी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत राहिला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणे प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. हा शेवटचा अपवाद वाचला की बेड्यावरची माणसे आठवतात, कारण एकापेक्षा जास्त प्रकरणे त्यांच्यावर नसतात कधी?

याच काळात जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये उघडली. मुख्य, उपमुख्य आणि सहायक लोक अभिरक्षक, पूर्णवेळ, मानधनावर, खासगी वकिली बंद. सरकारी वकिलासमोर सरकारनेच नेमलेला बचावाचा वकील. आपल्या ज्युनिअर मंडळींचे पॅनेलचे काम त्यामुळे आटले, ही तक्रार खरी आहे आणि ती संघाने वर मांडायलाच हवी. पण कार्यालयातली माणसे मोजकीच, तालुके सोळा. पुसद, दारव्हा, वणी, पांढरकवडा इथे एकाच दिवशी रिमांड असतील तर त्यांनी तरी कुठे कुठे पुरे पडायचे? सुट्टीच्या दिवशी, ड्यूटी मॅजिस्ट्रेटच्या बंगल्यावर, वन गुन्ह्यातला एखादा कोलाम उभा केला जातो तेव्हा त्याच्या बाजूला कोण असते, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

त्यासाठी संघाने पाळी लावावी, असा माझा प्रस्ताव आहे. रविवार आणि सणासुदीच्या रिमांडसाठी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी दोन-दोन वकील, एक जुना आणि एक नवा, फी नाही. नावे आणि फोन नंबर कोर्टाच्या फाटकावर आणि ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावायचे, आणि केळापूर-झरीकडे गोंडी, कोलामी समजणारा कोणी सोबत ठेवायचा. येत्या सर्वसाधारण सभेसाठी ठराव लेखी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे, आणि सचिवांकडे कागद शुक्रवारपर्यंत राहील.